ब्राह्मणपाऱ्यातली चिनी राजधानी

आमच्या घरमालकांची राजधानी वर्षातून निदान तीनदा हलायची. राजधानी म्हणजे त्यांची वेताची खुर्ची, रेडिओ, पाण्याचा माठ आणि स्वतः ते. उन्हाळ्यात हा सगळा सरंजाम उत्तरेकडच्या खोलीत जायचा, पावसाळ्यात जिन्याच्या मधल्या चौकावर यायचा आणि थंडी पडली की गच्चीवर. हलवायच्या दिवशी सकाळी ते अंगणात उभे राहून जाहीर करायचे, "राजधानी हलवून राहिलो बरं का. कोणाले काही अर्ज द्याचा असंन तर आता वरतं या." अर्ज देणारं कोणी नव्हतं. पुढच्या भागात ते एकटे आणि मागच्या दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून आम्ही दोघी, मी आणि माझी आई. पण पावसाळ्यात राजधानी जिन्यावर आली, की जरा उघडीप पाहून गच्चीवर कपडे टाकायला जाणाऱ्या माणसाला त्यांच्या खुर्चीशेजारून अंग चोरून जावं लागे. त्या जागेला ते खिंड म्हणत, आणि थोडा चीनचा इतिहास ऐकल्याशिवाय खिंड सोडत नसत. मी निम्मा चीन ओले कपडे हातात धरून ऐकला आहे.

सगळा पारा, म्हणजे आमची आळी, त्यांना सर म्हणायची, मी काका म्हणायचे. कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालेले, उंच, खांद्यातून थोडे वाकलेले, घरातसुद्धा मफलर गुंडाळणारे. त्यांचे आजोबा कधीतरी नागपूरकडून रायपूरला आले आणि इथलेच झाले. काकांचं बोलणं मात्र नागपूरचंच राहिलं होतं. त्यात हिंदी मिसळलेली आणि मध्येच कुठे होकाराचं छत्तीसगढी 'हव' यायचं.

चीनचा नाद त्यांनी काही हौसेनं लावून घेतला नव्हता. नोकरी नवीन असताना एक प्राध्यापक लांबच्या रजेवर गेले आणि त्यांचा चीनच्या इतिहासाचा पेपर सगळ्यांत धाकटे म्हणून काकांच्या गळ्यात पडला. पुढं तो पेपर अभ्यासक्रमातून निघून गेला, काकांच्या डोक्यातून निघाला नाही. त्यातही लढाया आणि तत्त्वज्ञान यांच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांना एकच प्रश्न पडलेला असायचा. एवढा मोठा देश हाताशी असताना राजे नेमकं हेच शहर काहून निवडत? छांगआन काहून, लुओयांग काहून, नानजिंग सोडून पेकिंग काहून? लाल कोब्याच्या फरशीवर खडूनं डोंगर, नद्या काढून ते मला समजावत. स्वतः कलकत्त्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते, त्यामुळे त्यांचा चीन रायपूरच्याच मापाचा होता. छांगआनची मोठी नदी सांगायची तर "आपली खारून समज" म्हणायचे, आणि तिथला बाजार सांगायचा तर "सदर बाजार समज, पण स्कूटरी काढून टाक".

राजधानीची जागा पारखायचे चार प्रश्न त्यांनी ठरवून ठेवले होते. पाठीशी काय आहे, पाणी कुठून येते, धान्य कुठून येते आणि शत्रू कुठून येते. हे प्रश्न ते कशालाही लावत. मला पाहायला भिलाईहून एक स्थळ आलं, तेव्हा वडील नाहीत म्हणून आईनं काकांना बैठकीत बसवलं. काकांनी मुलाचं शिक्षण विचारलं नाही, पगार विचारला नाही.

"तुमच्या घराच्या पाठीमागं काय आहे?"

"प्लांटची भिंत," मुलगा म्हणाला.

"अन् पाणी?"

"आठवड्यातून दोनदा टँकर."

"धान्य कुठून येते?"

मुलाच्या आईला वाटलं, शेतीची चौकशी चालली आहे. त्या खुशीत येऊन वर्ध्याकडची वावरं मोजायला लागल्या. काकांनी मला आत बोलावून हळूच सांगितलं, "नाही म्हण पोट्टी. टँकरवर राजधानी टिकत नाही." ते स्थळ मोडलं ते पत्रिकेवरून, पण काका त्याचं श्रेय कायम स्वतःकडे घेत राहिले.

दुसरी गोष्ट दिशेची. चीनचा राजा सिंहासनावर दक्षिणेकडं तोंड करून बसतो, म्हणून काकाही दक्षिणेकडंच तोंड करून बसत. घरात चालून जायचं. एकदा पाऱ्यातल्या एका लग्नाच्या पंगतीत ते सगळ्यांकडे पाठ करून, खुर्ची फिरवून दक्षिणेकडं तोंड करून जेवायला बसले. आपल्याकडे तसं फक्त श्राद्धाला बसतात. नवरीची आत्या वाढायला आली आणि हातातली जिलबीची परात घेऊन तशीच उभी राहिली.

"सर, असं नका बसू जी. शुभकार्य आहे."

"बाई, हजारो वर्षं राजे असेच बसत आले. त्यांचं काही बिघडलं नाही."

"ते राजे जिवंत आहेत का?" आत्यानं विचारलं.

काकांना हा प्रश्न कोणी आजवर विचारला नव्हता. त्यांनी खुर्ची फिरवली आणि तीन जिलब्या मागून घेतल्या. घरी येताना मला म्हणाले, "बाई हुशार आहे. कोणत्या कॉलेजात होती, विचार."

काकांचं असं सगळं चालत असताना रायपूर खरोखरच राजधानी झालं. नवं राज्य झालं आणि आमच्या धुळीच्या गावात लाल दिव्यांच्या गाड्या फिरायला लागल्या. बसायला जागा कुठे होती! हॉस्पिटलच्या इमारतीत मंत्रालय भरलं. आईच्या पायाला जिथं प्लास्टर घातलं होतं, त्या बाजूला आता साहेब लोक बसून फायली बघत असं पाऱ्यात सांगत, आणि आईला त्याचा उगीच अभिमान वाटायचा. प्रत्येक खातं रिकामी घरं शोधत फिरत होतं. भाडी चढली. भोपाळहून, म्हणजे जुन्या राजधानीतून, बदलून आलेले बाबू बायका-मुलं मागे ठेवून एकेकटे आले होते, आणि त्या सगळ्यांना घरच्या पोळीची आठवण येत होती.

हे आमच्या फायद्याचं होतं. माझे वडील एका राईस मिलच्या ऑफिसात होते. ते गेल्यावर आईनं डबे करायला सुरुवात केली होती. मागच्या खोलीत स्वयंपाक, अंगणातल्या बाजूच्या लहानशा खोलीत कांद्याची पोती, मागच्या गल्लीत उघडणारं दार, दारातून डबेवाला सायकलवर डबे घेऊन जाणार, असं सगळं नीट बसलं होतं. राजधानी आली आणि डबे वाढले. आईनं मोठी कढई घेतली. मला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला तिनं पहिल्यांदाच न कुरकुरता पुस्तकं घेऊन दिली. पण एवढी भट्टी, एवढा धूर, सकाळी पाचपासून फोडण्यांचा ठसका, हे खपवून घेणारा घरमालक रायपुरात दुसरा मिळणार नव्हता. काका खपवून घेत. धुरानं त्यांना खोकला आला की खोकता खोकता म्हणत, "सैन्य जेवून राहिलं वाटते."

आमच्या मराठी मंडळानं त्या वर्षी 'आपलं नवं राज्य, आपली नवी राजधानी' असा कार्यक्रम ठेवला आणि राजधान्यांवर बोलायला काकांना बोलावलं. मुख्य पाहुणे भोपाळहून आलेले एक मोठे अधिकारी होते. मंडळाच्या लोकांना वाटलं, सर दोन गोड शब्द बोलतील. काका उभे राहिले आणि पहिलंच वाक्य टाकलं, "चीनच्या एकाही राजानं रायपूर निवडलं नसतं." मंडळाच्या सेक्रेटरींच्या तोंडचं पाणी पळालं. काका शांतपणे पुढं गेले. पाठीशी डोंगर नाही. नदी आहे, पण उन्हाळ्यात तिच्यात पोट्टे क्रिकेट खेळतात. शत्रूला यायला चारी बाजू मोकळ्या, वाटसुद्धा विचारायची गरज नाही. मग त्यांनी छांगआनच्या खिंडी सांगितल्या, दोन माणसांनी दार लावावं तशा लावता येणाऱ्या. आणि त्याच छांगआनात पुढं माणसं इतकी झाली की धान्य पुरेना, तेव्हा राजा सगळा दरबार घेऊन लुओयांगला जेवायला जायचा, हेही सांगितलं. शेवटी म्हणाले, "आपल्याकडे डोंगर नाही, खिंड नाही. धान आहे. तेव्हा घाबराचं कारण नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यातल्या निम्म्या भाषण संपलं म्हणून.

अधिकाऱ्यांना मात्र भाषण मनापासून आवडलं. ते दुसऱ्या दिवशी काकांना भेटायला घरी आले. चहा प्यायले, गच्चीवर जाऊन आले, मागच्या अंगणात डोकावले, आईला नमस्कार केला. जाताना म्हणाले, "सर, मकान आपका बहुत अच्छी जगह पर है. हमारे विभाग को ऐसा ही पूरा मकान चाहिए." पूरा हा शब्द मी पोळ्या लाटताना ऐकला आणि पोळी पोळपाटाला चिकटली.

आठवडाभरात काकांचा मुलगा पुण्याहून आला. त्याला मी दादा म्हणायचे. दादा कॉम्प्युटरच्या नोकरीत होता, वाईट नव्हता, फक्त घाईत असायचा. त्यानं सगळं आखूनच आणलं होतं. अख्खं घर खात्याला द्यायचं आणि बाबांसाठी तेलीबांध्याला तलावाच्या बाजूला नवा फ्लॅट घ्यायचा.

"बाबा, जरा प्रॅक्टिकल व्हा. एवढं भाडं परत कोणी देणार नाही. मागच्या लोकांना मी समजावून सांगतो."

मागचे लोक म्हणजे आम्ही. मधल्या दाराला पडदाच होता, त्यामुळे समजावून सांगायची वेगळी गरज नव्हती.

काका फ्लॅट बघायला गेले. बिल्डरच्या माणसाला त्यांनी चारही प्रश्न विचारले. त्याला वाटलं हे वास्तुशास्त्र आहे, तो प्रत्येक प्रश्नाला "एकदम वास्तू के हिसाब से है सर" म्हणत राहिला. परत आल्यावर आम्ही कान टवकारून बसलो, तर काका काहीच बोलले नाहीत. खुर्ची, रेडिओ, माठ, सगळं जागच्या जागी, आणि माणूस गप्प. दादाची सुट्टी संपली, तो जाताना म्हणाला, "दिवाळीच्या आत ठरवा." काकांनी फक्त हव म्हटलं.

आई त्या दिवसांत उठल्यापासून भांडी घासत असायची. आधीच चकचकीत असलेली पातेली पुन्हा घासायची. मी दुपारी पार गावाबाहेर टाटीबंधपर्यंत खोल्या बघून आले. कुठं 'मेस नको', कुठं 'दोघी बायकाच का', कुठं भाडं ऐकूनच मी पायरी उतरले. एक दिवस आई मला म्हणाली, "हे पाय, ते भले माणूस आहेत. आपल्याले जा म्हणाची त्याईची हिंमत होऊन नाही राहिली. आपणच सांगू, दिवाळीले सोडतो म्हणून. त्याईचं ओझं तरी कमी होईन."

"आणि आपण कुठं जायचं?"

"पाहू," आई म्हणाली. तिचं पाहू म्हणजे तिच्याकडे काही नाही, हे मला माहीत होतं. मला त्या दिवशी काकांचा राग आला, चीनचा राग आला, आणि सगळ्यांत जास्त नव्या राज्याचा.

संध्याकाळी आई पदर खोचून पुढच्या भागात गेली. मी पडद्याआड उभी होते. तिनं "सर, थोडं बोलाचं होतं," एवढं म्हटलं आणि काकांनी तिला खुर्ची देऊन एकदम हान घराण्याचा पहिला राजा काढला. तो राजा लुओयांगात राजधानी करून बसला होता आणि सगळे सरदार म्हणत होते, लुओयांगच बरं. का, तर सरदारांची गावं तिकडं जवळ होती. आई म्हणाली, "सर, माझं एवढंच..." काका म्हणाले, "ऐका तर वहिनी. सल्ला आला, की पहिले पाहाचं, सल्ला देणारा कुठला आहे." मग एक साधासा माणूस आला, त्यानं राजाला छांगआनची जागा समजावली, खिंडी समजावल्या, राजाला पटलं. "अन् वहिनी, पटल्यावर तो थांबला नाही. त्याच दिवशी गाडी जुंपली." हे सांगता सांगता त्यांनी नद्या काढल्या, डोंगर काढले, एकेका खिंडीचं नाव सांगितलं. आई दोनदा उठली, दोनदा बसली. शेवटी कुकरची शिट्टी झाली आणि ती न बोलता परत आली.

"काय ऐकवलं?" मी चिडून विचारलं.

"चीन," आई म्हणाली आणि कपाळाला हात लावून बसली. "उद्या सांगीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे भरून झाले होते आणि डबेवाला नाक्यावरून येताना दिसतो का बघायला मी पुढच्या ओट्यावर गेले, तर समोर हातठेला उभा. ठेल्यावर काकांचं लोखंडी कपाट आडवं टाकलेलं, त्यावर पलंग, गादी, पुस्तकांची गाठोडी, वर वेताची खुर्ची. काका मफलर बांधून, माठ स्वतःच्या हातात धरून उभे. राजा न सांगता निघाला होता. आईला हाक मारायचंही मला सुचलं नाही.

ठेलेवाल्यानं कुठल्या वाटेनं जायचं ते विचारलं, "कोन डहर जाबो सर?"

"चल तर," काका म्हणाले.

आमची गल्ली पुढं नाक्यावर फुटते. डावीकडं गेलं की सदर बाजार आणि तिथून तेलीबांध्याचा रस्ता. मी तशीच पिठाच्या हातांनी ठेल्यामागे निघाले. पाऱ्यातले लोक ओट्यांवर आले होते. "कहाँ सर?" कोणी विचारत होतं, आणि काका माठ सांभाळत फक्त मान हलवत होते. नाक्यावर ठेला थांबला. पुढून एक रिक्षा गेली, मग एक गाय. मग काकांनी उजवीकडं हात केला.

उजवीकडं दुसरं काहीच नाही. देवळाला वळसा घालून ती वाट आमच्याच घराच्या मागच्या गल्लीत येते. तरीही मला कळेना. ठेला आमच्या मागच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा कळलं, की मधल्या बोळातून कपाट निघत नाही म्हणून ते गल्लीनं फिरवून आणलं आहे. आई दारात आली, हातात उलथणं.

"वहिनी," काका म्हणाले, "तुमच्या अंगणातली ती बाजूची खोली. कांदे ठेवता ती. ती मले पाहिजे होती. भाड्यात तुमची आहे, म्हणून विचारून राहिलो. पुढचं अन् वरचं मी साहेबाले देऊन टाकलं. मधल्या दाराले कुलूप लागंन. मागचं नाही देत म्हटलं."

"अन् साहेब मानले?"

"त्याले जागेची गरज आहे, मले भाड्याची नाही. तो मानला. पोराले फोन केला, तो ओरडला, मग मानला."

आई उलथणं घेऊन उभीच. "तुम्ही त्या कांद्याच्या खोलीत राहान सर? तिथं पाठीशी ना भिंत धड, ना..."

"काइफंग. तेही राजधानीच होतं," काका म्हणाले. "सपाट जागा. डोंगर नाही, काही नाही. पण धान्याच्या नावा दारापर्यंत येत. राजे राहिले ना तिथं."

मला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर रडूही. मी तिथंच उंबऱ्यावर बसले. आपण कुठेही जाणार नाही, हे मला चारदा मनात म्हणून बघावं लागलं. आईचा मात्र संताप झाला. मी तिला काकांवर चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मग आधी सांगाले काय झालं होतं तुमाले? किती दिवस झाले, मी रातच्या रात जागून राहिली. काल तर मी सोताहून आली होती बोलाले. तुम्ही तो तुमचा राजा लावून दिला माह्या मागं."

"तुम्ही काय बोलाले आल्या ते माहीत होतं मले," काका म्हणाले. "साहेबाचा होकार आज सकाळी आला. काल तुम्ही 'जातो' म्हटलं असतं, तर एकदा म्हटल्यावर तुम्ही माघार घेतली नसती. म्हणून कुकर होईपर्यंत बोलत राहिलो."

आईनं खरोखर माघार घेतली नसती. तिनं पदरानं डोळे पुसले, उलथणं माझ्या हातात दिलं, आणि कांद्याच्या पोत्याला हात घालून काकांना म्हणाली, "उभे काय राहिले? तिकडून धरा."